डोंगरातल्या टांकसाळीचं सोनं

जुन्या नाण्यांच्या बाजारात मान कोऱ्या नाण्याला. टांकसाळीतून निघालं आणि कुणाच्या हाताला न लागता थेट पेटीत जाऊन बसलं, असं नाणं दिसलं की संग्राहक वाटेल ती किंमत मोजायला तयार होतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डलॉनेगा या डोंगरी गावी एकेकाळी टांकसाळ होती; तिच्या नाण्यांना हा हिशोब नीटसा लागू पडत नाही. ती मुळातच थोडी पडली, पडली त्यांतली बरीचशी अर्धवट उमटली, आणि लोकांनी ती खर्चली, आटवली, दागिन्यात लावली. आज उरली आहेत त्यांतली बहुतेक झिजलेली आहेत. मला ती तशीच आवडतात, आणि हे केवळ कोरी परवडत नाहीत म्हणून नाही. का आवडतात ते सांगायचं तर आधी गावाबद्दल आणि टांकसाळीबद्दल सांगायला हवं.

अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरांत मराठी घरं पुष्कळ आहेत. भारतातून आईवडील किंवा सासूसासरे आले की एखाद्या रविवारी त्यांना डलॉनेगाला घेऊन जायचं, हा आमच्याकडे आता रिवाजच झाला आहे. हायवे ४०० धरून उत्तरेला निघालं की तासाभरात डोंगर सुरू होतात. गावात जुन्या खाणीत उतरता येतं, तबकडीत वाळू घोळून सोन्याचे कण शोधता येतात, चौकात खाऊची आणि हातकामाची दुकानं आहेत. चौकाच्या मधोमध १८३६ साली बांधलेली कोर्टाची विटांची इमारत आहे. तिथे आता सुवर्ण संग्रहालय आहे. विटांची माती इथलीच, त्यामुळे त्या विटांतही सोन्याचा अंश आहे. पाहुण्यांना फिरवता फिरवता मी तिथल्या नाण्यांच्या काचेपाशी थबकले आणि पाहुणे पुढे निघून गेले तरी हलले नाही. सोन्याचा डॉलर इतका लहान असतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. सुरुवातीचा डॉलर १३ मिलिमीटर रुंदीचा, वजन १.६७ ग्रॅम. आपल्या जुन्या मापात पावणेदोन मासे. करंगळीच्या नखावर ठेवला तर नख झाकेल, एवढाच. आणि एवढ्याशा चकतीवर लिबर्टी म्हणजे स्वातंत्र्यदेवीचा मुखवटा, तारे, पानांची माळ, साल आणि खाली इवलासा ‘डी’.

आज अमेरिकेच्या नाण्यावर ‘डी’ दिसला की तो डेन्व्हरचा. पण डेन्व्हरची टांकसाळ १९०६ साली सुरू झाली. त्याआधी ती खूण डलॉनेगाची होती, १८३८ ते १८६१ एवढी २३ वर्षं. दोन्ही टांकसाळी कधीच एका वेळी चालू नव्हत्या, म्हणून एकच अक्षर दोघींना पुरलं. नवख्या माणसाने साल न पाहता नुसता ‘डी’ पाहून पाच डॉलरचं नाणं घेतलं तर तो हमखास फसतो.

या डोंगरांत सोनं सापडल्याचा बोभाटा १८२९ साली झाला आणि टिकाव-फावडी घेतलेली माणसं हजारोंनी इथे लोटली. सोनं मिळे, पण खर्चायचं कसं हा पेच होता. सोन्याची पूड घेऊन दुकानात जावं तर दुकानदार मनाला येईल तेवढी घट धरायचा. सरकारी टांकसाळ फिलाडेल्फियाला, हजार किलोमीटरच्याही पलीकडे, आणि वाट डोंगरांतली, चोराचिलटांची. ही अडचण ओळखून मिलेजव्हिलच्या टेम्पलटन रीड नावाच्या कारागिराने १८३० साली स्वतःच अडीच, पाच आणि दहा डॉलरची नाणी पाडायला घेतली. घड्याळं आणि बंदुका बनवणारा हा माणूस. वजनात त्याने लबाडी केली नव्हती, पण सोनं पुरतं न गाळलेलं, त्यामुळे कसाला कमी उतरू लागलं. वर्तमानपत्रातून टीका सुरू झाली, लोकांचा विश्वास उडाला आणि काही महिन्यांतच त्याचा कारखाना बंद पडला. त्याची नाणी आज इतकी दुर्मीळ आहेत की माझ्यासारखीने ती फक्त चित्रांत पाहावीत.

मग दोन गोष्टी घडल्या. १८३४ च्या कायद्याने अमेरिकेतल्या सोन्याच्या नाण्यांचं वजन घटवलं. त्याआधी नाण्यातल्या सोन्याची किंमत त्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त भरायची, त्यामुळे नाणं बाहेर पडलं की व्यापारी ते आटवत किंवा परदेशी धाडत. नव्या वजनाचं नाणं लोकांच्या खिशात टिकू लागलं. दुसरी गोष्ट म्हणजे ३ मार्च १८३५ चा कायदा. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या सहीने तीन शाखा टांकसाळी मंजूर झाल्या: न्यू ऑर्लिन्स, उत्तर कॅरोलिनातलं शार्लट आणि डलॉनेगा. शार्लट आणि डलॉनेगा फक्त सोन्यासाठी. तिन्ही इमारतींचा आराखडा फिलाडेल्फियाच्या विल्यम स्ट्रिकलंड या वास्तुविशारदाचा. यंत्रं फिलाडेल्फियात घडली आणि या डोंगरापर्यंत आणून बसवेस्तोवर १८३८ उजाडलं. एप्रिलमध्ये पाच डॉलरची पहिली नाणी बाहेर पडली. त्या नाण्याला ‘हाफ ईगल’ म्हणतात, कारण दहा डॉलरचं ते ‘ईगल’.

हे डोंगर चेरोकी लोकांचे होते. हे सांगितल्याशिवाय डलॉनेगाच्या नाण्याबद्दल कुणी लिहूच नये, असं माझं ठाम मत आहे.

चेरोकी राष्ट्राची राजधानी न्यू एकोटा इथून पश्चिमेला, याच राज्यात होती. तिथे त्यांची सभा भरायची, न्यायालय होतं, १८२७ साली त्यांनी आपली राज्यघटना केली होती. सेक्वोया या त्यांच्यातल्याच एका माणसाने चेरोकी भाषेसाठी लिपी तयार केली, आणि त्या लिपीत १८२८ पासून त्यांचं वर्तमानपत्र छापलं जाऊ लागलं. तेवढ्यात त्यांच्या जमिनीत सोनं निघालं. जॉर्जिया सरकारने १८३० साली चेरोकींनाच त्यांच्या जमिनीतलं सोनं काढायला मनाई केली. १८३२ साली राज्याने या जमिनीची सोडत काढली. सोन्याच्या पट्ट्यात ४०-४० एकरांचे तुकडे पाडले आणि ते गोऱ्या नागरिकांना चिठ्ठ्या उचलून वाटले. मूळ मालक तिथे राहत असताना, त्यांची घरं आणि फळबागा उभ्या असताना. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने वूस्टर विरुद्ध जॉर्जिया या खटल्यात निकाल चेरोकींच्या बाजूने दिला, पण तो कुणी अमलात आणला नाही. डिसेंबर १८३५ मध्ये न्यू एकोटाला चेरोकींतल्या एका छोट्या गटाकडून जमीन सोडून पश्चिमेला जाण्याच्या करारावर सह्या घेतल्या. त्यांचे प्रमुख जॉन रॉस यांचा त्याला शेवटपर्यंत विरोध होता. सिनेटमध्ये तो करार एका मताने तरला.

२६ मे १८३८ ला जनरल विनफील्ड स्कॉट यांच्या सैनिकांनी जॉर्जियात धरपकड सुरू केली. बायकामुलांना जेवत्या ताटावरून उठवून छावण्यांत कोंडलं आणि पुढे शेकडो कोस पश्चिमेला हाकललं. साधारण १६,००० माणसं हलवली गेली, आणि छावण्यांत नि वाटेत मिळून सुमारे ४,००० दगावली असा अंदाज दिला जातो. टांकसाळीतली पहिली नाणी आणि ही धरपकड यांच्यात जेमतेम पाच-सहा आठवड्यांचं अंतर आहे. म्हणजे पहिल्या वर्षीची नाणी यंत्रातून पडत होती तेव्हा त्याच डोंगराच्या खोऱ्याखोऱ्यांतून घरं रिकामी केली जात होती.

खाणीत राबणारे हात कुणाचे, हेही दडवण्यासारखं नाही. अमेरिकेचे उपाध्यक्ष राहिलेले जॉन कॅलहून यांची डलॉनेगाजवळ खाण होती आणि तिथे गुलाम राबत. ते एकटे नव्हते. संग्राहकांच्या गप्पांत हा विषय निघाला की काही जण अवघडतात, काही जण ‘तो काळच तसा होता’ म्हणून विषय बदलतात. माझ्याकडच्या प्रत्येक नाण्यासोबत मी एक चिठ्ठी ठेवते. साल, किती नाणी पडली, कुठून घेतलं, हे सगळेच लिहितात. मी त्याखाली त्या साली या खोऱ्यात काय चाललं होतं तेही लिहिते. माझ्यामागे ही नाणी ज्याच्या हाती जातील त्याला ते कळायला हवं.

आता नाण्यांकडे येते, कारण त्यांच्यात जीव अडकलाय हेही तितकंच खरं.

डलॉनेगाच्या नाण्यांचे ठसे फिलाडेल्फियात कोरले जात, ‘डी’ची खूणही तिथेच ठोकली जाई. मग ते ठसे इथे पाठवले जात. साहजिकच आले ते ठसे पुरवून पुरवून वापरायचे. तडा गेला, गंज चढला, तरी काम थांबवायचं नाही. म्हणून इथल्या नाण्यांवर तड्यांच्या रेषा उठलेल्या दिसतात. दाब कमी पडला की गरुडाची मान आणि पायाची पिसं सपाट उमटतात, काठाचे दात पुसट राहतात. १८४६ च्या एका हाफ ईगलवर ‘डी’ आधी फार वर ठोकला गेला, मग चूक लक्षात आल्यावर खाली पुन्हा ठोकला, आणि दोन्ही खुणा भिंगातून स्पष्ट दिसतात. खूण नेमकी कुठे बसली आहे, खालच्या ‘फाइव्ह’ या शब्दातल्या कुठल्या अक्षराच्या डोक्यावर येते, यावरून ठसा ओळखतात. मला या ओळखापाळखीत विलक्षण गोडी वाटते. रात्री सगळं आवरल्यावर भिंग घेऊन बसलं की वेळेचं भान राहत नाही.

रंगही वेगळा. इथल्या मातीतल्या सोन्यात मुळातच चांदी मिसळलेली असते, त्यामुळे काही नाण्यांवर हलकी हिरवट झाक दिसते. अट एकच, नाणं कुणी धुतलेलं नसावं. पुण्यात माझा मामेभाऊ शिवराया जमवतो. मी पहिलं नाणं घेतलं तेव्हा त्याने फोनवर एवढंच बजावलं होतं, “ताई, काहीही कर, पण नाणं धुऊ नकोस.” तांब्याच्या शिवराईला जे लागू, ते सोन्याच्या डॉलरलाही. दीडशे वर्षांचा मळ अक्षरांच्या कडांना धरून बसलेला असतो, आणि त्या मळामुळेच अक्षरं उठून दिसतात. चकाचक केलेलं डलॉनेगाचं नाणं पाहिलं की माझा जीव खालीवर होतो. ती चमक एकदा आली की नाण्याचा मूळ पृष्ठभाग परत येत नाही.

पहिली काही वर्षं टांकसाळ जोरात चालली. १८४३ साली ९८,४५२ हाफ ईगल पडले, एका वर्षातला तो उच्चांक. मग १८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि इथले खाणकामगार टोळ्याटोळ्यांनी पश्चिमेला निघाले. टांकसाळीत तपासनीस राहिलेले डॉक्टर मॅथ्यू स्टीफनसन यांनी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभं राहून, इथल्याच डोंगरात अजून मोप सोनं आहे, जाऊ नका, अशी त्यांची मनधरणी केल्याची गोष्ट गावात अजून सांगतात. माणसं थांबली नाहीत. पुढच्या वर्षांचे आकडे पाहिले की उतार कळतो. १८५४ साली तीन डॉलरची १,१२० नाणी पाडली, आणि तीन डॉलरचं नाणं इथे पुन्हा कधीच पडलं नाही. १८५५ ला एक डॉलरची नाणी १,८११. १८५६ ला अडीच डॉलरची फक्त ८७४. वर्षभर भट्टी, अधिकारी, कारकून, पहारेकरी आणि हिशोबाच्या वह्या, आणि अडीच डॉलरची नाणी एवढीच. ते ८७४ वाचलं की मला त्या इमारतीतला शुकशुकाट जाणवतो. सरकारने ती तेव्हाच बंद केली नाही याचं मला आश्चर्य वाटतं. दक्षिणेतल्या राजकारण्यांना ती हवी होती, एवढंच त्याचं कारण दिसतं.

शेवट अमेरिकेतल्या यादवी युद्धाने झाला. १८६१ साठीचे ठसे नेहमीप्रमाणे फिलाडेल्फियाहून आले आणि १९ जानेवारीला जॉर्जिया संघराज्यातून फुटलं. त्या वर्षीच्या हाफ ईगलची नोंद १,५९७ आहे. डॉलरची नोंद सरकारी दफ्तरात नाहीच. टांकसाळ बंडखोरांच्या ताब्यात गेल्यावर, उरलेल्या सोन्यातून, संघराज्याच्या ठशांवर ते डॉलर पाडले गेले. हजार-दीड हजार असावेत असा अंदाज करतात. डलॉनेगाच्या सगळ्या नाण्यांत संग्राहकांची सर्वांत जास्त ओढ या १८६१ च्या डॉलरकडे. चांगल्या स्थितीतला निघाला तर पन्नास हजार डॉलरच्या पुढे जातो. त्याची एक ओळखही आहे: ‘युनायटेड स्टेट्स’ मधला पहिला ‘यू’ उमटतच नाही, किंवा जेमतेम उमटतो. फुटून निघालेल्यांनी पाडलेल्या नाण्यावरून ‘युनायटेड’चंच अक्षर गळावं, यावर लिलावांत फार रंगून बोललं जातं. पण १८६० च्या डॉलरवरही तो ‘यू’ तसाच फिका आहे, आणि तेव्हा टांकसाळ संघराज्याचीच होती. दोष ठशाचा. मला या नाण्याचं मोल वाटतं ते दुसऱ्या कारणाने. सत्ता बदलली, झेंडा बदलला, आणि जुन्या सरकारच्या नावाने नवे लोक नाणी पाडत राहिले, कारण लोक विश्वास ठेवत होते तो त्या जुन्या नावावर. हे एवढ्याशा चकतीत स्वच्छ दिसतं.

युद्ध संपलं पण टांकसाळ पुन्हा उघडली नाही. इमारत कॉलेजला दिली, आणि डिसेंबर १८७८ मध्ये ती आगीत गेली. तिच्याच पायावर पुढच्या वर्षी बांधलेली प्राइस मेमोरियल हॉल ही इमारत आज विद्यापीठाच्या आवारात आहे, आणि तिच्या शिखराला इथल्याच सोन्याचा वर्ख लावलेला आहे. अटलांटातल्या विधानभवनाच्या घुमटालाही १९५८ साली डलॉनेगाच्याच सोन्याचा मुलामा दिला. तो वर्ख गावकऱ्यांनी घोडागाड्यांच्या तांड्यातून मिरवत नेला होता.

इतकी कमी नाणी पडली, तरी कुणी ती जपून का ठेवली नाहीत? उत्तर साधं आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले संग्राहक सालावरून नाणी जमवत. ती कुठल्या टांकसाळीची, याची त्यांना फिकीर नव्हती. फिलाडेल्फियाचं १८५५ मिळालं म्हणजे १८५५ झालं. ऑगस्टस हीटन या चित्रकाराने १८९३ साली टांकसाळींच्या खुणांवर पुस्तिका लिहिली, तेव्हा कुठे लोक अक्षरं पाहू लागले. तोवर डलॉनेगा बंद होऊन ३२ वर्षं झाली होती. दरम्यान नाणी दुकानांत, बँकांत, कापसाच्या सौद्यांत फिरत राहिली आणि आटत राहिली. १९३३ साली रूझवेल्ट सरकारने लोकांकडचं सोनं जमा करायला लावलं तेव्हा संग्राहकांच्या दुर्मीळ नाण्यांना सूट होती, पण आपल्याजवळचं नाणं दुर्मीळ आहे हे माहीत असायला हवं होतं ना. पेटीच्या तळाशी असलेलं झिजकं पाच डॉलरचं नाणं किती घरांतून मुकाट्याने बँकेत गेलं असेल.

म्हणून मला झिजलेलं नाणं खरं वाटतं. कोरं राहिलेलं डलॉनेगाचं नाणं हा निव्वळ योगायोग. ते नाणं या डोंगरातल्या माणसांचं कधी झालंच नाही. झिजलेल्याने आपलं काम केलेलं असतं.

माझा हाफ ईगल १८४७ चा आहे. त्या साली ६४,४०५ पडले, म्हणजे डलॉनेगाच्या मानाने भरघोस. अशी साधी सालं झिजक्या स्थितीत दोन-तीन हजार डॉलरच्या आसपास मिळतात. मी बरेच दिवस पैसे बाजूला टाकले आणि अटलांटाजवळच्या एका नाणी प्रदर्शनात तो घेतला. कानावरचे केस सपाट झाले आहेत, पण कपाळावरच्या मुकुटावर ‘लिबर्टी’ पुरतं वाचता येतं. काठावर सात वाजताच्या जागी एक लहानसा टोचा आहे, कुठेतरी दगडी फरशीवर आपटला असणार. गरुडाच्या खाली ‘डी’, आणि त्याच्याही खाली गोल ओळीत ‘फाइव्ह डी.’, हा दुसरा ‘डी’ डॉलरचा. टांकसाळीचा ‘डी’ वरच्या बाजूला जरा जास्त झिजलाय. वजन ८.३६ ग्रॅम यायला हवं, थोडं कमी भरतं. त्या थोड्याशा सोन्याची किती खिशांत, किती गल्ल्यांत धूळ झाली असेल.

आई तेव्हा आमच्याकडे आली होती. सांगलीत सराफकट्ट्यावर तिचं जाणं-येणं आयुष्यभराचं, सोन्याचा हिशोब तोंडपाठ. तिने नाणं तळहातावर तोललं.

“पाऊण तोळाही नाही गं हे. आणि एवढे पैसे?”

“सोन्याचे नाहीत गं आई, नाण्याचे आहेत.”

“झिजलंय की. घट नाही धरली त्यांनी?”

मी तिला टांकसाळ, खाणी, चेरोकी, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “लोकांचं घर मोडून काढलेलं सोनं. घेतलंस ते घेतलंस, पण हे विसरू नको.” चिठ्ठीवर त्या सालातल्या घडामोडी लिहायला मी त्या दिवसापासून लागले.

दुसरं नाणं मात्र आईने पाहताक्षणी जवळ केलं. तो १८४९ चा डॉलर आहे, डलॉनेगाने पाडलेल्या पहिल्या सोन्याच्या डॉलरांपैकी. त्याच्या माथ्यावर काठाला डाखाचा डाग आहे. कुणीतरी त्याला कडी लावून गळ्यात घातला होता, पुढे कधीतरी ती कडी काढली. ग्रेडिंग करणाऱ्या, म्हणजे नाणं तपासून त्याच्या स्थितीचा आकडा ठरवणाऱ्या कंपन्या अशा नाण्याला नुसता आकडा देत नाहीत, ‘खराब झालेलं’ असा शेरा मारून प्लास्टिकच्या डबीत घालतात. त्यामुळे त्याची किंमत निम्म्यावर येते आणि माझ्यासारखीला ते घेता येतं. हे डॉलर इतके नाजूक की शेकड्यांनी दागिन्यांत गेले. आमच्या आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली प्रत्येक पुतळीही अशीच कडी लावलेली होती. व्हेनिसची नाणी पाहून आपल्याकडे घडवलेल्या त्या पुतळ्यांना कधी कुणी खराब म्हटलेलं मला आठवत नाही. आईने डॉलरवरच्या डाखावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “बाईमाणसाने घातलंय हे.” कोण असेल ती? खाणमालकाची बायको, दुकानदाराची मुलगी? मला ते कधीच कळणार नाही, पण हे नाणं मी विकणार नाही.

संग्राहकांत सालागणिक पूर्ण संच जमवणारे आहेत, आणि त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण संचाची यादी पुरी करण्याच्या शर्यतीत एकेक नाणं बघायचं राहून जातं असं मी पाहिलं आहे. डबी हातात येते, डबीवरचा आकडा वाचतात, डबी खाली ठेवतात. आकडा १ ते ७० यातला काहीही असो, आधी नाणं बघावं. ‘डी’ खरा आहे का, हेसुद्धा नाणं बघितल्याशिवाय कळत नाही. फिलाडेल्फियाच्या नाण्यांवर खूण नसते, ती जागा मोकळी असते, आणि तिथे ‘डी’ चिकटवून विकणारे लबाड पूर्वीपासून आहेत. भिंगाखाली खुणेच्या पायथ्याशी सांधा दिसतो का ते पाहायचं. खरी खूण नाण्याच्या अंगातूनच वर आलेली असते.

मला आता एकच नाणं हवं आहे, १८३८ चा हाफ ईगल. २०,५८३ पडले. त्यावरची देवी नंतरच्या नाण्यांपेक्षा वेगळी आहे, विल्यम नीस यांनी कोरलेली, केसांभोवती पट्टी बांधलेली. हा मुखवटा डलॉनेगाच्या हाफ ईगलवर त्या एकाच वर्षी आला. खूणही मागच्या बाजूला नाही, पुढच्या बाजूला तारखेच्या डोक्यावर आहे. एका लिलावाच्या आधी, मांडून ठेवलेल्या नाण्यांत मी तो हातात घेऊन पाहिला आहे. बोली माझ्या आवाक्याबाहेर गेली. पैसे पुन्हा बाजूला टाकते आहे. मला तो कोरा नको. पट्टीवरचं ‘लिबर्टी’ वाचता यावं, ‘डी’ शाबूत असावा आणि कुणी घासलेला नसावा, एवढं पुरे. मिळाला की चिठ्ठीवर दोन तारखा लिहायच्या आहेत, एप्रिल १८३८ आणि २६ मे १८३८.